एका वस्तीचं कॅलेंडर: २०२६ साठी केलेल्या कामाच्या नोंदी

माहीम कॉजवेपासून दादर चौपाटीपर्यंत आणि पूर्वेला किंग्ज सर्कल, फाइव्ह गार्डनपर्यंत आमचा पट्टा. एवढ्या भागात राहणाऱ्या सगळ्यांचे सण, उपास आणि स्मरणाचे दिवस भिंतीवरच्या एका कॅलेंडरवर आणायचे, असं आम्ही तिघांनी ठरवलं. मी, डिझाइनची कामं करणारा माझा पुतण्या आणि शेजारचे अण्णा, ज्यांना पंचांग उत्तम कळतं. आपल्या वस्तीसाठी कुणाला असं करायचं असेल तर आमच्या चुका तरी त्यांनी पुन्हा करू नयेत, म्हणून त्या त्या दिवशी लिहिलेल्या नोंदी तशाच ठेवते आहे.

१४ जुलै २०२५, सोमवार

सुरुवात दुधावरून झाली. आमचे दूधवाले भैया सकाळी आले, मी नेहमीसारखा चहा आणि उपमा पुढे केला. त्यांनी हात जोडले, "आज सावन का पहिला सोमवार है, दीदी." मला वाटलं ते चुकले, कारण आमचा श्रावण लागायचा आहे २५ तारखेला. संध्याकाळी अण्णांना विचारलं. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो आणि आपल्याकडे अमावास्येला, त्यामुळे त्यांचा श्रावण पंधरा दिवस आधी लागतो. सण मात्र त्याच दिवशी येतात. आपण जिला श्रावण वद्य अष्टमी म्हणतो, तीच त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी. कृष्णजन्म दोघांचा एकाच रात्री.

वीस वर्षं हा माणूस आमच्या दारात येतो आहे आणि त्याचा उपास कधी असतो हे मला माहीत नव्हतं. परवाच, ६ जुलैला, आषाढी एकादशी आणि मोहरमचा आशुरा एकाच दिवशी आले होते. आम्ही वडाळ्याच्या विठ्ठलाच्या रांगेत उभे होतो आणि माहीमला सरबताच्या सबिली लागल्या होत्या. तेही आम्हाला आदल्या रात्रीपर्यंत कळलं नव्हतं.

२७ जुलै, रविवार

पहिली बैठक आमच्या स्वयंपाकघरात. घरोघरी १९७३ पासून कालनिर्णय आहेच, त्याची जागा घ्यायची नाही. आपलं कॅलेंडर फक्त या पट्ट्यापुरतं. बारा पानं, तीनशे प्रती, जाहिरात नाही. जाहिरातीवरून बराच वेळ बोललो. एका ज्वेलरचा खर्च उचलण्याचा निरोप आला होता, पण मग दिवाळीचं पान त्याचं झालं असतं. नको म्हटलं. (त्याची किंमत शेवटी खिशातून गेली, पुढे लिहिते.)

पुतण्याने त्याच रात्री इंटरनेटवरून ४१ दिवसांची यादी काढली. मी ती स्वच्छ हाताने उतरवून काढली. या यादीतल्या अकरा तारखा पुढे चुकीच्या निघाल्या. यादी आयती मिळाली की काम झाल्यासारखं वाटतं, आणि आमचे पहिले तीन आठवडे त्यातच गेले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर सोसायटीच्या फळ्यावर मी खडूने लिहिलं, "सर्व पारशी बंधुभगिनींना पतेतीच्या शुभेच्छा." लहानपणापासून हेच वाचत आले आहे. तळमजल्यावरचे पारशी काका डगली घालून अग्यारीत निघाले होते. फळ्यासमोर थांबले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "डीकरी, पतेती तर काल झाली. आज नवरोज."

मग पायरीवरच उभ्या उभ्या सांगितलं. पतेत म्हणजे पश्चात्ताप. वर्षाच्या शेवटच्या दिवशी झालेल्या चुकांची क्षमा मागायची, तो दिवस पतेती. त्याच्या शुभेच्छा कोण देतं? दुसऱ्या दिवशी नवं वर्ष, त्याच्या शुभेच्छा. मी फळा पुसून "नवरोज मुबारक" लिहिलं. काकांना माझी चूक जराही लागली नाही, इतक्या वर्षांत सगळ्यांनी त्यांना हेच म्हटलं आहे. पण मला वाईट वाटलं. इंटरनेटच्या यादीतही हा दिवस "पतेती" असाच होता.

१७ ऑगस्ट, रविवार

काकांकडे दोन तास. नोंदवलेलं:

बहुतेक पारशी पाळतात त्या शहेनशाही पंचांगात वर्ष ३६५ दिवसांचं, लीप दिवस नाही. म्हणून दर लीप वर्षी नवरोज एक दिवस मागे सरकतो. २०२३ ला १६ ऑगस्टला होता, २०२४ पासून १५ ला, आणि २०२७ पर्यंत १५ लाच राहील. कदमी मंडळींचं (दुसरं पंचांग पाळणाऱ्या पारशांचं) नवं वर्ष ३० दिवस आधी. २१ मार्चचा जमशेदी नवरोज वेगळा, तो इराणी घरांत मोठा. नव्या वर्षाच्या सहाव्या दिवशी खोरदाद साल, जरथुष्ट्रांचा जन्मदिवस.

आणि यादीत मुळीच नसलेली गोष्ट: मुक्ताद. वर्षाच्या अखेरचे दहा दिवस, गेलेल्या माणसांसाठी. अग्यारीत प्रत्येक कुटुंबाच्या नावाचा चांदीचा फुलदान असतो, त्यात रोज ताजी फुलं. काकूंनी त्यांचा घरातला फुलदान दाखवला. तळाशी सासऱ्यांचं नाव गुजरातीत कोरलेलं, घासून घासून अर्धं पुसट झालेलं. या दहा दिवसांत त्या दादरच्या फुलबाजारात पहाटे जातात, निशिगंध आणि गुलाब घेतात. मीही कैकदा त्याच फुलवाल्यांकडून श्रावणातल्या पूजेची फुलं घेतली आहेत. बहुतेक त्यांच्या शेजारी उभी राहून.

आजपासून नियम केला: ज्या घरचा दिवस, त्या घरी जाऊन विचारायचा. छापील किंवा इंटरनेटवरचं काहीही थेट घ्यायचं नाही. (हा नियम मी एकदा मोडला. १३ डिसेंबरची नोंद पाहा.)

५ सप्टेंबर, शुक्रवार

आज एका दिवसात ओणम, ईद-ए-मिलाद आणि गणपतीचा दहावा दिवस. उद्या अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या गर्दीत जुलूस नको म्हणून मुस्लिम मंडळींनी मुंबईतला जुलूस ८ तारखेला ठेवला आणि सरकारने शहर व उपनगरांची सुट्टीही ५ वरून ८ ला नेली. मला माझ्या ऑफिसात हे परिपत्रक काल संध्याकाळी दिसलं.

आमच्या कामासाठी याचा अर्थ असा की ईदची "तारीख" आणि ईदची "सुट्टी" हे दोन वेगळे रकाने हवेत. पुतण्याने तयार केलेल्या तक्त्यात एकच रकाना होता. ६३ नोंदी पुन्हा फोडाव्या लागल्या, त्याची रविवारची पूर्ण दुपार गेली.

२०२६ च्या तारखाही काढल्या. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे गणेश चतुर्थी २७ ऑगस्टवरून १४ सप्टेंबरला जाते. ईद मात्र दहा-अकरा दिवस मागे येते. मिलाद आणि ओणम पुढच्या वर्षीही एकत्र दिसताहेत, २६ ऑगस्टच्या आसपास, पण त्या वेळी गणपती नसतील.

२१ सप्टेंबर, रविवार

माटुंगा रोडला बेने इस्रायली (कोकणातल्या ज्यू) आजी राहतात, मूळ अलिबागकडच्या. उद्या संध्याकाळी त्यांचं नवं वर्ष लागतं आणि उद्याच घटस्थापना. मी यादी वाचून दाखवली: रोश हशाना, योम किप्पूर, पेसाह. आजींनी मान डोलावली आणि म्हणाल्या, "बाय, ही पुस्तकातली नावं. आमच्या घरात नव्याचा सण म्हणतात."

मग आजी सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. नव्याचा सण. नव्या वर्षाच्या दहाव्या दिवशी दरफाळणीचा सण (योम किप्पूर), म्हणजे दारं लावून घरात बसायचं, कडकडीत उपास. पुरीम म्हणजे होळीचा सण, कारण तो शिमग्याच्या सुमारास येतो. वल्हांडणाला (पेसाह) अनाशी ढाकण्याचा सण. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या दु:खाचा उपास म्हणजे बिरड्याचा रोजा, त्या दिवशी वालाचं बिरडं. शब्दाशब्दात कोकण. माझी आजी बिरडं करायची तेव्हा वाल सोलताना जे बोलायची, तीच भाषा. आम्ही कॅलेंडरवर घरातली नावं मोठी आणि पुस्तकातली बारीक छापायची ठरवली.

इथे एक खरी अडचण कळली. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. नव्याचा सण पुढच्या वर्षी ११ सप्टेंबरच्या संध्याकाळी लागतो आणि १२ ला दिवस. आम्ही फक्त १२ लिहिला होता. त्या यादीवर विसंबून कुणी ११ ला रात्री आजींच्या घरी फोन केला असता तर सणाच्या ताटावर केला असता. मुस्लिम तारखांचंही तसंच, शब-ए-बरातची रात्र आधी येते आणि तारीख नंतर. उपाय: आदल्या दिवसाच्या चौकटीत उजव्या खालच्या कोपऱ्यात तिरकी रेघ, म्हणजे "आज सूर्यास्तापासून". चौकटी त्यासाठी ४ मिलिमीटरने मोठ्या कराव्या लागल्या.

५ ऑक्टोबर, रविवार

माहीमच्या ईस्ट इंडियन (मुंबईच्या मूळ ख्रिस्ती समाजातल्या) आंटींकडे. ख्रिसमस, गुड फ्रायडे, ईस्टर (२०२६ ला ५ एप्रिल), वांद्र्याची जत्रा. जत्रेचा नियम त्यांनी बोटांवर सांगितला: ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी सुरू, आठवडाभर. २०२६ ला १३ सप्टेंबर. पुढच्याच दिवशी गणपती. म्हणजे त्या आठवड्यात ११ ला संध्याकाळी नव्याचा सण, १३ ला जत्रा, १४ ला गणपती, आणि जैनांची संवत्सरीही (क्षमा मागण्याचा दिवस) तेव्हाच. मूर्तिपूजक मंडळी बहुधा चतुर्थीला पाळतात, स्थानकवासी पंचमीला, तर दिगंबरांचं दशलक्षण पंचमीपासून पुढे. सप्टेंबरचं पान सगळ्यांत दाट होणार.

आंटींनी विचारलं, "आगेरा घेतला का?" आमच्याकडे नव्हता. आम्ही पाहिलेल्या एकाही कॅलेंडरवर तो नव्हता. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घ्यायचा, तो आगेरा. मुंबईत शेतं होती तेव्हापासूनचा. आज नेमका तोच रविवार होता. आंटी सकाळी जाऊन आल्या होत्या आणि टेबलावर लाल रिबिनीने बांधलेली चार लोंब्यांची जुडी होती, दाणे अजून हिरवट. मी हातात घेतली तेव्हा दोन दाणे गळून ताटलीत पडले, ते आंटींनी उचलून परत जुडीपाशी ठेवले. "भात आता पालघरकडून आणतो, पण आगेरा चुकवत नाही."

सेंट मायकेल चर्चची बुधवारची नोव्हेनाही (विशेष प्रार्थना) घेतली. ती सण नाही, पण दर बुधवारी माहीम त्या गर्दीने चालतं आणि मेणबत्ती घेऊन जाणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसं असतात. प्रत्येक बुधवारच्या आकड्याखाली छोटा ठिपका.

१२ ऑक्टोबर, रविवार

आजची चूक सगळ्यांत मोठी.

पुतण्याने पहिलं पूर्ण डिझाइन केलं. छान झालं होतं. प्रत्येक खुणेच्या दिवशी कोपऱ्यात झेंडूचं तोरण आणि पणती. मी प्रिंट घेऊन माहीमच्या भाईजानांच्या दुकानात गेले. त्यांचं चपलांचं दुकान आहे, दर्ग्याच्या रस्त्याला. त्यांनी जानेवारीपासून एकेक पान शांतपणे पाहिलं. जून आला. २६ तारखेच्या चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं आणि तसंच ठेवून राहिले. यौमे आशुरा, करबलामध्ये इमाम हुसेन शहीद झाले तो दिवस. त्याच्यावर तोरण आणि पणती, खाली "शुभेच्छा".

ते रागावले नाहीत. "बहेनजी, ह्या दिवशी मुबारक नाही म्हणत," एवढंच म्हणाले. मला काय बोलावं सुचेना. मी मागची-पुढची पानं उलटली तर ३ एप्रिलच्या गुड फ्रायडेवर तोरण, बिरड्याच्या रोज्यावर तोरण, मुक्तादवर तोरण, आणि ६ डिसेंबरवरही तोरण.

घरी येऊन तिघांनी रात्री अकरापर्यंत बसून खुणा बदलल्या. आता तीन खुणा: आनंदाच्या दिवसाला भरीव लाल ठिपका, स्मरणाच्या दिवसाला पोकळ वर्तुळ, उपासाच्या दिवसाला अर्धं भरलेलं वर्तुळ. तोरणं पूर्ण काढली. "शुभेच्छा" हा शब्दही सगळीकडून काढला. कुणाला काय म्हणायचं ते त्या त्या नोंदीपुढे. नवरोज मुबारक. मिच्छामि दुक्कडम्. आशुराच्या पुढे काही नाही.

६ डिसेंबरसाठी तिसऱ्या मजल्यावरच्या सरांना भेटले. ते दरवर्षी चैत्यभूमीला जातात. त्यांनी सांगितलं, "पुण्यतिथी लिहू नका, महापरिनिर्वाण दिन पूर्ण लिहा. आणि पुढे 'अभिवादन' हा एकच शब्द पुरे." धम्मचक्र प्रवर्तन दिन काही जण १४ ऑक्टोबरला पाळतात, काही दसऱ्याला. १९५६ साली दोन्ही एकाच दिवशी होते. पुढच्या वर्षी दसरा २० ऑक्टोबरला आहे, म्हणून दोन्हीकडे लिहिलं. बुद्धपौर्णिमा १ मे, महाराष्ट्र दिनाच्याच चौकटीत. सरांना ते फार आवडलं.

२६ ऑक्टोबर, रविवार

दिवाळीत काम बंद होतं. आज कागद. प्रेसने पहिलं प्रूफ गुळगुळीत आर्ट पेपरवर दिलं, रंग झकास. ते मी स्वयंपाकघरात टांगलं आणि सवयीने बॉलपेनने "दूध २ लि." लिहिलं. शाई बसलीच नाही, अंगठा लागला आणि आकडा १८ तारखेपर्यंत फरफटला. आपल्याकडे कॅलेंडर म्हणजे दुधाचा, पेपरचा, सिलिंडरचा हिशोब. त्यावर लिहिता येत नसेल तर ते महिनाभरात कपाटामागे जाईल.

दुसरं प्रूफ १०० जीएसएम मॅपलिथोवर, म्हणजे साध्या, न चकाकणाऱ्या कागदावर घेतलं. रंग जरा मंद, लाल ठिपका विटकरी दिसतो, पण पेन, पेन्सिल, खडू सगळं चालतं. दोन प्रुफांचे २,८०० रुपये. पहिलं वाया.

ईदचा प्रश्नही याच कागदाने सुटला. चांद दिसेपर्यंत तारीख पक्की नाही आणि आम्ही नोव्हेंबरात छापणार. प्रत्येक वेळी "चंद्रदर्शनावर अवलंबून" असं बारीक अक्षरात लिहिलं तर चौकट भरते आणि कुणी वाचत नाही. भाईजानांच्या मुलाने सुचवलं ते घेतलं: दोन्ही संभाव्य दिवसांत रिकामी चंद्रकोर छापायची, चांद झाल्यावर घरच्यांनी पेनाने भरायची. रमजान, दोन्ही ईद, मोहरम, मिलाद, सगळीकडे तसंच. मार्चचं पान बघताना अंगावर काटा आला. १९ ला गुढीपाडवा आणि उगादी, २० आणि २१ ला रिकाम्या चंद्रकोरी, २१ लाच जमशेदी नवरोज.

५ नोव्हेंबर, बुधवार

गुरुनानक जयंती. दादरच्या गुरुद्वारात गेले, लंगरमध्ये बसले, नंतर सेवेतल्या एका वयस्कर सरदारजींना यादी दाखवली. त्यांनी २४ नोव्हेंबर २०२६ बरोबर ठरवली, ती कार्तिक पौर्णिमाच. बैसाखी १४ एप्रिल. दहा मिनिटांत काम झालं. एवढं सरळ काम दुसऱ्या कुठल्याच घरी झालं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

शेवटची तपासणी. प्रत्येक घराला त्यांच्या तारखांची वेगळी झेरॉक्स दिली आणि "पाहिलं, बरोबर आहे" असं लिहून सही घेतली. १४ घरं, १३ सह्या. ही पद्धत प्रत्येकाने करावी. तोंडी "हो हो, बरोबर" म्हणणारी माणसं सही करायची म्हटल्यावर चष्मा शोधतात. सह्या घेताना सात चुका सापडल्या, त्यात एक आमच्याच घरची. अण्णांनी स्वतः लिहिलेला वटपौर्णिमेचा दिवस अधिक महिन्यात पडला होता. तो निज ज्येष्ठात हवा.

चौदावं घर मल्याळी ताईंचं. त्या गावी गेल्या होत्या. माटुंग्याच्या तमिळ मामींनी पुथांडूचे (तमिळ नवं वर्ष) १४ एप्रिल तपासले होते, त्यांना विचारलं, मल्याळ्यांचा विषूही त्याच दिवशी ना? त्या म्हणाल्या, हो, तोच. मी पुढे गेले.

माहीमच्या जत्रेची २०२६ ची तारीख आज कुणालाच पक्की सांगता आली नाही. डिसेंबरच्या पानाच्या तळाशी नुसतं लिहिलं: "माहीमची जत्रा, दहा दिवस. पहिली चादर मुंबई पोलिसांची."

दर: डिजिटल छपाई २१० रुपये प्रत, ऑफसेटला तीनशे प्रतींचे ३६,००० म्हणजे १२० रुपये प्रत, वर टिन पट्टीसह. ऑफसेट घेतलं. दीडशेच्या आत प्रती हव्या असतील तर डिजिटलच परवडेल.

५ डिसेंबर, शुक्रवार

छपाई वेळेवर झाली, लोअर परळहून टेम्पो दुपारी निघाला आणि दादरच्या अलीकडूनच परत फिरवला गेला. उद्या ६ डिसेंबर. शिवाजी पार्कच्या आसपासचे रस्ते या दिवसांत वळवलेले असतात, हे दरवर्षीचं आहे, आणि आमच्या स्वतःच्या कॅलेंडरवर ठळक छापलेलं आहे. टेम्पो ठरवताना मी ते उघडून पाहिलं नाही. एका फेरीचे १,१०० गेले, दुसरीचे ९०० पुढच्या आठवड्यात.

६ डिसेंबर, शनिवार

आज काम नाही. सरांबरोबर चैत्यभूमीला गेले, पहिल्यांदाच. इतकी वर्षं या दिवशी "दादरला गर्दी असते, नको जायला" असंच घरात ऐकलं आणि म्हटलंही. रांगेत विदर्भातून, मराठवाड्यातून आलेली माणसं होती, पांढऱ्या कपड्यांत, बरीच रात्रीपासून उभी. शिवाजी पार्कात पुस्तकांचे स्टॉल आणि माणसं पिशव्या भरून पुस्तकं घेताहेत. एका बाईंनी पदराच्या गाठीतून पैसे सोडवले आणि संविधानाची प्रत घेतली, मुलीने ती लगेच प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळली. परतताना सरांनी राजगृहावरून नेलं.

डिसेंबरच्या पानावर ६ तारखेला पोकळ वर्तुळ आहे आणि "अभिवादन". एवढंच योग्य होतं. इथे तोरण छापून गेलं असतं, या विचाराने आज फार त्रास झाला.

१३ डिसेंबर, शनिवार

गठ्ठे काल आले. आज मल्याळी ताई गावाहून परतल्या, त्यांना पहिली प्रत दिली. एप्रिल उघडला आणि म्हणाल्या, "विषू पंधराला आहे ना?"

२०२५ ला विषू १४ एप्रिलला होता, तोच मी पुढे ओढला होता. मेष संक्रांत पुढच्या वर्षी १४ ला सूर्योदयानंतर लागते. तमिळ नवं वर्ष त्याच दिवशी धरतात, पण विषूची कणी (मांडलेल्या शुभ वस्तू) पहाटे उठून बघायची असते, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशीच्या पहाटे, १५ ला. मामींची काही चूक नाही, त्यांनी त्यांचं बरोबर सांगितलं. मी एका घरचा दिवस दुसऱ्या घरी विचारला. तीनशे प्रती चुकीच्या.

२० डिसेंबर, शनिवार

चिकटपट्ट्या छापून घेतल्या, दोन प्रकारच्या. एक १४ तारखेतला "विषू" झाकणारी, दुसरी १५ साठी नवी. ६०० रुपये. चिकटपट्टीचा कागद आर्टचा मिळत होता, हट्टाने मॅट घेतला, नाहीतर त्या दोनच चौकटींवर लिहिता आलं नसतं. पुतण्या, अण्णा, मी आणि मल्याळी ताई, चौघांनी सव्वातीन तासांत तीनशे प्रती उरकल्या. ताईंनी विषुक्कणीत काय काय मांडतात ते चिकटवता चिकटवता सांगितलं. कोन्नाची पिवळी फुलं, सोनेरी काकडी, आरसा, नाणी. कोन्ना म्हणजे आपला बहावा. फाइव्ह गार्डनला तो एप्रिलात फुलतो, तिथून त्या फुलं आणतात.

२४ डिसेंबर, बुधवार

वाटप जवळजवळ झालं. आंटींकडे प्रत द्यायला गेले तर कुस्वारचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं, ताट तयार, कुलकुल, नेवऱ्या, दोदोल. नेवरी आणि आमची करंजी समोरासमोर ठेवली तर ओळखता यायची नाही.

हिशोब: छपाई ३६,०००. प्रुफं २,८००. टेम्पो २,०००. चिकटपट्ट्या ६००. झेरॉक्स आणि किरकोळ ७४०. एकूण ४२,१४० रुपये. किंमत १५० ठेवली. तपासणीला मदत केलेल्यांना आणि वस्तीतल्या संस्थांना ४० प्रती भेट, २४३ विकल्या, १७ शिल्लक. जमा ३६,४५०. तूट ५,६९०, तिघांत वाटली. वाया गेलेलं प्रूफ, टेम्पोची फुकट फेरी आणि चिकटपट्ट्या नसत्या तर तूट निम्म्याच्या आसपास आली असती. किंमत १६५ ठेवली तरी चाललं असतं, कुणी घासाघीस केली नाही.

वेळ: साधारण पाच महिने. त्यातले पहिले तीन आठवडे पूर्ण फुकट.

१४ जानेवारी २०२६, बुधवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला घरोघरी गेले आणि प्रत्येक घरात कॅलेंडर कुठे लागलं ते पाहिलं. मामींकडे फ्रिजच्या बाजूला, पोंगलच्या तांदळाची नोंद केलेली. काकांकडे दारामागे, सिलिंडरची तारीख. आजींनी ११ सप्टेंबरच्या तिरक्या रेघेपाशी पेन्सिलने लिहून ठेवलं आहे, "खीर". भैयांना प्रत दिली होती, ती त्यांनी जोगेश्वरीच्या खोलीवर लावली असं म्हणाले.

पुढच्या वर्षासाठी लिहून ठेवते आहे: बंगाली पॉयला बैशाख राहून गेला, तो शिवाजी पार्कच्या दुर्गापूजेच्या मंडळींकडून घ्यायचा. कोळीवाड्यात स्वतः जायचं, नारळी पौर्णिमा आम्ही घरात बसून लिहिली आहे. छपाई १५ नोव्हेंबरच्या आत. सही नसेल तर ती नोंद छापायची नाही.

शेवटी भाईजानांच्या दुकानात. कॅलेंडर गल्ल्याच्या वर टांगलं आहे. पान फेब्रुवारीचं उघडून ठेवलंय, जानेवारी अर्धा बाकी असताना. १८ आणि १९ तारखेच्या चौकटीत रिकाम्या चंद्रकोरी, आणि शेजारच्या खिळ्याला सुतळीने बांधलेलं पेन.